सात वेळा दोरी ओढून झाल्यावर

मुर्डीना मॅकॅस्किल, थांब. खांदा निखळेल.
सात वेळा ओढून जे जागं झालं नाही
ते आठव्यांदा लाजेखातर उठणार नाही.
यंत्र आहे ते. तुझ्या शाळेच्या बसमध्ये
मागच्या बाकावर झोपलेलं पोर नाही.

आण इकडे, सावलीत घे. चाकं आहेत म्हणून बरं,
नाहीतर चर्चच्या उतारावरून हे धूड
तू पाठुंगळी घेऊन आली असतीस.

आधी प्लगची तार काढायची. नेहमी.
माझ्या डाव्या हाताला साडेचार बोटं का आहेत
हे साऱ्या खाडीला ठाऊक आहे, तरी सांगतो.

हा प्लग. काळा पडलाय, पण मेलेला नाही.
लोक आधी यालाच धरतात,
चोर सोडून संन्याशाला फाशी.
तार जोडतो, लोखंडाला टेकवतो, आता ओढ…
दिसली? निळी. म्हणजे पाणी दुसरीकडे मुरतंय.
पिवळी असती तर सहा डॉलरात सुटली असतीस.

हवेच्या जाळीत उंदरानं घर केलंय.
निळी लोकर. कुणाचा तरी मोजा.
तुझाच? हसू नकोस,
एप्रिलपर्यंत खाडीत बर्फ होता,
त्यालाही चार पाय आहेत.

पट्टा ढिला. इंजिन लागलं असतं तरी
खालचं डोकं फिरलं नसतं.
या गावात तक्रार एरवी उलटी असते.

आणि ही दोरी कुणी गुंडाळली, बाणाच्या उलट?
तू.
बरं. बाण बारीकच आहे म्हणा.

आता टाकी. झाकण काढ. वास घे.
वार्निश. पेट्रोल असं वासत नाही,
शिळं झालंय. मागच्या ऑक्टोबरातलं असणार,
हिवाळ्याआधी उपसायचं राहून गेलेलं.

तू काहीच बोलत नाहीस.

अच्छा.
लॉकीनं भरलं होतं.
काठोकाठ, कारण थँक्सगिव्हिंगनंतरची
दफनभूमीतली शेवटची कापणी त्याची असायची.
त्या वर्षी गवत तसंच बर्फाखाली गेलं.
आम्ही सगळ्यांनी पाहिलं ते. कुणी बोललं नाही.

मी मेकॅनिक माणूस. मला एवढंच कळतं
की शिळं पेट्रोल कार्बुरेटरमध्ये गोंदासारखं बसतं,
सुईएवढं भोक बुजवतं,
आणि मग बाहेरून कितीही ओढा,
आत काही पोचत नाही.
यंत्राबद्दल बोलतोय मी.

नळी सोडली. डबा धर खाली. अजून खाली.
पिवळं आहे, जरा दाट.
काय म्हणालीस? सगळंच काढायचं का?
सगळंच, मुर्डीना. तळाशी घोटभर ठेवलं
तर त्यात ओतलेलं नवंही नासतं.

शनिवारी डेपोवर मी देऊन येतो ना.
नको? तू नेतेस?
हे काय, पुढच्या सीटवर? आणि वर पट्टाही लावतेस डब्याला?
तीस वर्षं बस चालवलेल्या बाईला
मी गाडीतलं काही शिकवत नाही.
फक्त काचा उघड्या ठेव.

कार्बुरेटर रात्रभर भिजेल.
उद्या दोननंतर ये, एका ओढीत उठलं नाही तर पैसे देऊ नकोस.
आणि ऐक, वर गेलीस की
जुन्या दगडांजवळ दोरी नेऊ नकोस.
वाळूचा दगड तो, मऊ;
एका फटक्यात कुणाचं तरी जन्मसाल उडून जातं,
मग तो मेलेला तेवढा उरतो.
तिथं कात्री. गुडघे टेकून.

लॉकीचा ग्रॅनाइट आहे. नवा.
त्याला दोरीनं काही होत नाही.

हो, हो, माहीत आहे.
कात्री आणली आहेस का सोबत?
दे, पात्यांना तेल लावून ठेवतो.